गाठीत भरलेली लाख

सागवानाच्या फळीत गाठ दिसली की आमचे हे खूश व्हायचे. ते सुतार. गाठ सुकते, गळून पडते आणि फळीला भोक राहतं. दुसरे सुतार अशी फळी मागच्या अंगाला दडवतात, हे मात्र ती मुद्दाम पुढं घेत. सावली गावच्या बाजारात भोकं बुजवायला डब्यातली लांबी मिळते, पण ती ह्यांना कधी पटली नाही. जंगलाकडच्या गावांतल्या बाया पळसावरची लाख विकायला आणतात. ती हे वितळवत, तिच्यात गेरू, पिवडी आणि काजळी घालून लाकडाचा रंग साधत आणि गरम असतानाच भोकात दाबत. थंड झाली की पटाशीनं तासायची आणि घासायची. मग गाठ कुठं होती ते सांगूनही कोणाला सापडत नसे.

रंग जुळवणं ही ह्यांची मिजास. चहात साखर किती घातली ते विसरतील, पण गेरू किती घालायचा ते मला एका शब्दानं सांगू दिलं नाही. माझं काम पॉलिशचं. त्यामुळे ह्यांच्या हातची प्रत्येक वस्तू घरातून बाहेर पडायच्या आधी माझ्यापुढं यायची.

म्हणूनच मला आधी कळलं. एका दिवाणाच्या गाठी लालसर आल्या. म्हटलं, गेरू जास्त पडला असेल. पुढच्या देवघराच्या त्याहून लाल. मग एक दिवस ह्यांनी माझ्या हिरव्यागार लुगड्याला काळं म्हटलं, तेव्हा उलगडा झाला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सगळं मातकट दिसायचं आणि रंग चढत नाही म्हणून हे गेरू वाढवत चालले होते.

"ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात दाखवा ना," मी म्हटलं.

"मले सब बरोबर दिसते. इथी उजेडच नाई पडून राह्यला."

नाचता येईना, अंगण वाकडं! मी पडवीवरची ताडपत्री काढून टाकली. मग म्हणे, ह्या साली लाखच चांगली नाही. गावात येणाऱ्या नर्सबाईंनी समोर बसवून सांगितलं, "जास्त पिकू देऊ नका भाऊ, मंग कठीण जाते." ह्यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. खरी गोष्ट भीतीची होती. जन्मभर लाकडात पटाशी घालणारा हा माणूस, पण आपल्या डोळ्यात हत्यार जाणार ह्या विचारानं त्याला घाम फुटायचा. मला रागही यायचा आणि कीवही.

मग मी माझा उद्योग सुरू केला. दुपारी जेवून हे आडवे झाले की लालभडक लाख पटाशीच्या टोकानं काढायची, रॉकेलच्या चिमणीवर दुसरी वितळवायची, रंग माझ्या डोळ्यांनी जुळवायचा आणि अंगठ्यानं दाबून बसवायची. चटका असा बसायचा की डोळ्यांत पाणी. अंगठ्यावर गोल गोल डाग पडले. ते लपवायची गरज नव्हती, ह्यांना कुठं दिसत होते!

लोक वस्तू घेऊन जात, वाखाणत. आणि हे माझ्याकडं वळून म्हणत, "पाह्य! कोनी नाव ठेवलं का? मंग कायले फाडून घेऊ डोळा?"

त्याच आठवड्यात काम करताना ह्यांचं लाकूड तासायचं वाकस बोटाला चाटून गेलं. बोट वाचलं, पण चिंधी बांधता बांधता मला उमगलं. ह्यांची दवाखान्याची वाट मीच दुपारी दुपारी बुजवत होते. डोळे गेले तर गेरू, पिवडी घेऊन काय करायचं होतं? ठरवलं, आता पटाशीला हात लावायचा नाही.

तेव्हा गल्लीतल्या एका बाईच्या नव्या घराची चौकट ह्यांच्याकडं होती. गाठी पुष्कळ, आणि ह्यांनी सगळ्या भरल्या. मी मन घट्ट केलं आणि तशाच लालभडक गाठींवरून पॉलिश मारलं.

आमच्याकडं चौकट उभी करताना तिची पूजा होते, हळदकुंकू लागतं, सुताराला मान मिळतो. चौकट उभी राहिली. ती बाई ताट घेऊन पुढं आली, थबकली आणि अगदी मनापासून म्हणाली, "भाऊ, तुमी आधीच कुकू लावून आनलं का? मोठं चांगलं केलं जी."

कोणी हसलं नाही. हे चौकटीजवळ गेले, एका ठिपक्यावर बोट फिरवलं, बोट डोळ्यांपाशी आणून पाहिलं, मग अंगठ्यावर चोळलं. कुंकू असतं तर बोटाला लागलं असतं. बोट कोरडं होतं. वाटलं, धावत जाऊन सांगावं, माझी चूक आहे. पण मी जागची हलले नाही.

ह्यांनी तिला म्हटलं, "हो बाई." नारळ घेतला. घरी आलो. दारात चप्पल काढताना म्हणाले, "ब्रह्मपुरीची गाडी सकाळी कवा हाये?"

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा मी चहाचा कप पुढं केला. ह्यांनी कप घेतला नाही, माझा हातच धरला आणि अंगठा उजेडाकडं वळवला.

"हे काय वो?"

"फोडनीनं भाजलं."

"फोडनीनं असं गोल नाई भाजत. हे लाखेचं हाये."

हे एकेका डागावरून बोट फिरवत गेले. दिवाण, देवघर, सगळं ह्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं. शेवटी म्हणाले, "अंगठा पान्यात बुडवून दाबा लागते. इतकंबी तुले कोनी सांगतलं नाई?"

"कोनाले विचारू? सांगनारा झोपून राहे!" मी उसळून बोलले आणि मलाच रडू कोसळलं.

डॉक्टरांनी घातलेली धुराजवळ जायची मनाई संपली, त्या दिवशी ह्यांनी पडवीत पाण्याची वाटी आणून माझ्यापुढं ठेवली आणि चिमणी लावली. लाख पातळ झाली तसा गेरूचा डबा माझ्याकडं सरकवून म्हणाले, "सांग, किती टाकू?"