तांडेलमामाचं मिटलेलं तोंड

जड काम करताना तांडेलमामाच्या तोंडून कधी चकार शब्द निघाला नाही. अर्नाळ्याला होडी किनाऱ्यावर ओढताना बाकीचे 'हैस्सा' म्हणून घसा फोडायचे, आणि हा श्वास कोंडून, मानेच्या शिरा तटतटून ओढायचा. "तोंड उघडला का जोर पलतो, बाय," म्हणायचा. माझा सख्खा मामा, स्वतःच्या होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. हट्टी म्हणजे किती हट्टी!

पाठ दुखते म्हणून मी त्याला बोळिंजला आमच्या घरी आणलं. तपासणीत पोटातली मोठी धमनी फुगलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "चाला खुशाल. चालताना रक्ताचा दाब बेताने वाढतो, मग उतरतो. पण श्वास कोंडून ओझं ओढलंत की तो एकदम उसळतो. ती पातळ झालेली धमनी सोसणार नाही. ऑपरेशनचं पुढे बघू, तोवर ओढाओढ बंद."

"रगत काय पंपाचा पानी हाय, उसलायला?" मामा जिन्यात पुटपुटला. पण त्याचा चेहरा उतरला होता. मला रडूच आलं.

अर्नाळ्याला परतल्यावर तोड काढली मामीने. "तू आता ओढू नको, बाजूला ऱ्हाऊन हैस्साची हाळी दे. हाळी देनाऱ्याला तोंड मिटता येत नाय." मामा आठवडाभर फुगून बसला. मग उभा राहिला एकदाचा बाजूला, आणि काय आवाज लागला मेल्याचा! मामी वाळत घातलेले बोंबील उलटत ऐकत बसायची. आवाज येतोय तोवर माणूस धड आहे, एवढंच तिचं गणित.

पावसाळ्याआधी होडी वर चढवायची होती. मी मामीजवळच बसले होते. हैस्सा, हैस्सा चाललं होतं आणि एकाएकी हाळी थांबली. मामी हातातली टोपली टाकून धावली.

दोर तुटून होडी मागे घसरली होती. मागच्या बाजूला रमेश, मामा-मामीचा मुलगा, होडीखालचा ओंडका सरकवत होता. मामाने होडीला खांदा दिला होता. तोंड गच्च मिटलेलं. रमेश बाहेर निघाला, लोकांनी होडी धरली, तेव्हा मामा पोट धरून वाळूत बसला. दवाखान्याच्या वाटेवरच गेला.

आता हाळी रमेश देतो. दम खायला तो जरा थांबला, तरी मामी बोंबलांमधून उठून ओरडते, "अरे रमेश, तोंड उघड!"