सरासरी एकोणतीस

दादाच्या बसनं माणूस जखमी झाला तेव्हा मी आकुर्डीच्या शाळेत गणित शिकवत होते. दादा माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यानंच मला बी.एस्सी.पर्यंत शिकवलं. कासारवाडी स्टेशनवरून पहिल्या शिफ्टची माणसं तो कंपनीच्या बसमधून कारखान्यात न्यायचा. त्या सकाळी गेटच्या आत, वळणावर, रात्रपाळी करून निघालेला एक फिटर सायकलवरून समोर आला. दादानं करकचून ब्रेक दाबला. बस घसरत गेली आणि थांबता थांबता सायकलवर आदळली. फिटरची मांडी मोडली.

आवारात ताशी तीस किलोमीटरची मर्यादा होती. चौकशी बसली. घरात कुणी मोठ्यानं बोलेना.

एका संध्याकाळी दादा हसत आला. "सुटलो! चौकशीच्या साहेबानं टायरची खूण मोजली, चोवीस मीटर. बसमधल्या मान्सांना डोळं मिटाया लावलं. म्हनला, ती सकाळ आठवा आन् ब्रेकचा आवाज सुरू झाला तवा एक टाळी, थांबला तवा दुसरी. समद्यांचं तीन सेकंदाच्या आसपास आलं. चोवीस भागिले तीन, सेकंदाला आठ मीटर. म्हंजी ताशी एकोणतीस! उद्या कागदावर सह्या झाल्या की बस माझ्या हातात."

"आणि तो फिटर?"

"त्योच आडवा आला, असं लिवलंय. त्याला भरपाई न्हाई."

वहिनीनं शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. मी मात्र मनातल्या मनात तो भागाकार पुन्हा करून बघत होते. आठ ही त्या तीन सेकंदांची सरासरी होती. पण बस त्या तीन सेकंदांत एका वेगानं चाललीच नव्हती, ती थांबत होती. बोलले तर दादाची बस जाणार होती. नाही बोलले, तर फिटरच्या माथी दोष बसणार होता. मी पुढ्यातल्या रिकाम्या ताटात बोट फिरवत राहिले.

"तोंड का उतरलं गं?" दादानं विचारलं.

मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून आलेख काढला. खाली वेळ, उभं अंतर. रेघ सुरुवातीला उभी चढली आणि शेवटी वाकून आडवी झाली. "पहिल्या सेकंदात बस तेरा मीटरच्या वर गेली, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात तीनही नाही. सगळ्याची सरासरी आठच. पण वेग एकसारखा कमी होत शून्यावर आला आणि सरासरी आठ आली, म्हणजे सुरुवातीला तो दुप्पट होता. सोळा."

"ताशी किती?"

"अठ्ठावन्न."

वहिनीच्या हातातलं उलथणं थांबलं. "साहेबाला कळंना आन् तुला कळलं व्हय? गप ऱ्हा की!"

"टाळ्या चुकल्या असतील," दादा म्हणाला. "चार सेकंद धर."

"तरी त्रेचाळीस होतात, दादा."

तो त्या वाकड्या रेघेकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "मान्सांना लेट लागला असता. म्हून गाडी दाबली व्हती म्या." कागदाची घडी करून त्यानं खिशात घातली. शिरा कुणीच खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सही करायच्या आधी दादानं तो कागद साहेबापुढं ठेवला. साहेब आधी चिडला, मग त्यानं दोनदा आकडेमोड केली. दादाला बसवरून काढून स्टोअरमध्ये माल चढवायला लावलं. फिटरला पगारी रजा आणि औषधपाण्याचा खर्च मिळाला. वहिनी दिवाळीपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली.

त्याच आठवड्यात रविवारी दादा म्हणाला, "चल माझ्यासंगं." आम्ही फिटरच्या खोलीवर गेलो. त्याच्या बायकोनं दार उघडलं, दादाला ओळखलं आणि ती चौकटीतच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. दादानं डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांत धरली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

शेवटी आतून फिटरचाच आवाज आला, "येऊ दे त्यांना."