खंड्याचं डोकं

दिवेआगरच्या गोदाकाकूंचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. त्या भेटल्या नसत्या तर मी कधीच वर्ध्याला परत गेलो असतो.

शाळा सातवीतच सुटलेली. मुंबईत पुस्तकं बांधायच्या दुकानात लागून चारच महिने झाले होते. दसरा झाल्यावर मालकांनी एक जुनं पुस्तक नव्यानं बांधून माझ्या हातात दिलं. आत रानपाखरांची चित्रं. रेघ तेवढी छापलेली, रंग मात्र पानापानावर कुणीतरी हातानं भरलेला.

"दिवेआगरच्या वकीलसाहेबांना पोचव. डाग पडला तर इकडे फिरकू नकोस."

आगबोटीत मजेत होतो. श्रीवर्धनला बोट किनाऱ्याला लागत नाही, पडावात (मोठ्या होडीत) उतरावं लागतं. मी उडी मारली आणि लाट थेट कडेवरच्या पुस्तकाच्या गाठोड्यावर आली.

पुढं बैलगाडीत गाठोडं सोडायचा धीर झाला नाही. दिवेआगरला पहिल्याच वाडीत विहिरीच्या काठावर बसून सोडलं. बाकी पाखरं कोरडी होती. खंड्याच्या डोक्याचा तपकिरी रंग मात्र ओला झाला होता; टिपायला गेलो तर फडक्याला लागून गेला. नुसती काळी रेघ उरली. मला रडूच फुटलं.

"काय रे, कुठचा तू?" अंगणात चुलीपाशी बसलेल्या बाईंनी विचारलं.

"वर्ध्याकडचा."

"अगो बाई! एवढ्या लांबनं माझ्या विहिरीवर रडायला आलास होय?"

या गोदाकाकू. चित्र बघून त्या हसल्याच. "हा तर आमचा चोर! हौदातले मासे खातो मेला. थांब, येईल."

आणि आला की! रहाटावर बसला, लालभडक चोच, पांढरा गळा. काकूंनी चुलीवरच्या पातेल्याकडं बोट केलं. चिकणी सुपारीसाठी कोवळी सुपारी उकडत होती. पाण्याचा रंग थेट त्याच्या डोक्याचा.

देवाची फुलवात काडीला गुंडाळून आधी फडक्यावर रंग लावून पाहिला, मग श्वास रोखून चित्रात भरला.

"छान झालं. आता वकिलांना खरं काय ते सांग," काकू म्हणाल्या. "नाहीतर मी येऊन सांगेन."

सांगितलं. वकीलसाहेबांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"मूळ रंगाऱ्यानं मेलेलं पाखरू पुढ्यात ठेवून रंगवलं असणार," ते म्हणाले. "डोक्यापुरता हा जिवंत झालाय." आणि मालकांना चिठ्ठी लिहिली: पुस्तक पोचलं, हाच माणूस पुन्हा पाठवा.

परतताना काकूंनी सुपारीच्या पाण्याची बाटली दिली. मी उपकाराचं बोलायला लागलो, तर म्हणाल्या, "त्या चोराचं एक चित्र काढून आण. तो आला नाही त्या दिवशी शिव्या कुणाला देऊ?"

बाटली दुकानात माझ्या फळीवर आहे. हात अजून बसलेला नाही, चोच बिघडते. पण काकू, तुमच्या चुलीवरच्याच रंगानं डोकं भरलेला खंड्या एक दिवस घेऊन येईन. या खेपेला पडावात उडी मारणार नाही.