श्रीखंडाच्या डब्यातला चोर

आमच्या घरी श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड सोडून काहीही असू शकतं. हे ठाऊक असूनही मी माळ्यावरचा डबा न उघडता मुलांच्या हातात दिला, हा माझाच गाढवपणा.

वसुबारसेला सोसायटीतली मुलं दारात आली. पार्किंगच्या कडेला त्यांनी किल्ला केला होता, अळीव पेरून झाले होते, पण मावळे कमी पडत होते. लेकीच्या लहानपणीचे मातीचे मावळे आम्ही ठेवलेत, एवढं मला आठवत होतं. "अरे, न्या की!" म्हणून मी कंबर सांभाळत स्टुलावर चढलो, डबा काढला आणि मोठ्या दात्याच्या थाटात देऊन टाकला. माळ्यावर अगदी तसेच दोन डबे आहेत हे बायकोला माहीत होतं. पण ती चकल्या तळत होती आणि तिला विचारायचं मला सुचलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं किल्ला बघायला खाली उतरलो. महादरवाजात कुऱ्हाड घेतलेला एक ठेंगू दाढीवाला उभा होता. सिंहासनाशेजारी टोकदार टोपीचा जादूगार. तटावर एक हाडांचा सांगाडा भगवा झेंडा धरून पहारा देत होता.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "हे तुमचे ना?"

माझेच. म्हणजे आमचे. सॉफ्टवेअरमध्ये नुकतेच चिकटलो होतो तेव्हा आम्ही चार मित्र सदाशिव पेठेत एका खोलीत राहायचो. वायटूकेच्या, म्हणजे कॉम्प्युटरांतल्या दोन हजार सालाच्या भानगडीसाठी कंपनीने एकाला अमेरिकेला धाडलं. परत येताना लोक परफ्यूम आणतात, हा एक जाडजूड नियमांचं पुस्तक, वीस बाजूंचे फासे आणि बोटाच्या पेराएवढ्या शिशाच्या बाहुल्या घेऊन आला. मग दर रविवारी सतरंजीवर खेळ मांडायचा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि पुढे काय होणार ते फाशांनी ठरवायचं. घरमालकीणबाई एकदा दारातून फासे बघून म्हणाल्या, "जुगार खेळायचा तर खेळा, पण दार लावून. आमच्याकडे पाहुणे येतात."

मी जादूगार होतो. माझी जादू फाशांना कधी मान्य झाली नाही. आमच्यातला जो अमरावतीचा, तो चोर. त्याने स्वतःच्या बाहुलीला एका केसाच्या ब्रशने रंग दिला होता. अंगरखा हिरवा, कारण काळा रंग संपला होता. गोष्ट सांगणाऱ्याने त्याला पकडायला काय काय केलं, पहारे लावले, कुत्री सोडली, पण हा दरवेळी निसटायचा आणि वर मांडी थोपटून म्हणायचा, "चोर सापडला त चोर कायचा बे?"

पुढे दोघं परदेशात गेले ते तिकडचेच झाले. अमरावतीवाला गावी परतला. मी पुण्यातल्या पुण्यात वारज्यापर्यंतच पोचलो, म्हणून डबा माझ्याकडे राहिला. दोन वर्षांपूर्वी अमरावतीवाला आजारात गेला. त्याच्या हातचं असं माझ्याकडे काही असेल, तर तो हिरवा अंगरखा.

आणि किल्ल्यावर नेमका तोच दिसेना. दोन वेण्यांची एक मुलगी किल्ल्याची मुख्य होती. तिला विचारलं, "तो हिरवा, वाकलेला कुठाय गं?"

"तो हेर आहे, काका. लपवलाय."

"कुठे?"

"सांगितलं तर हेर कसला?"

वर आल्यावर बायको म्हणाली, "मागून घ्या ना परत."

"कसं मागू? पाडव्याला स्पर्धा आहे त्यांची."

"ऑफिसात पन्नास माणसं हाताखाली आहेत म्हणता ना?"

त्या पन्नासांत दोन वेण्यांचं कुणी नाही, हे मी बोललो नाही. दिवाळी झाली की मिळेलच, अशी स्वतःची समजूत घातली.

पाडव्याला दुपारी आम्ही जेवत असताना अवेळी पाऊस आला. आला तोच धो धो. मी हात न धुताच खाली धावलो, तोवर किल्ल्याचा लाल चिखल होऊन उताराने वाहत होता. मुलांनी जमेल तेवढे वाचवून घमेल्यात गोळा केले होते. जादूगार होता, दाढीवाला होता, सांगाडासुद्धा होता. मुलगी रडत होती. "भुयारात ठेवला होता, काका. भुयार कुठे होतं तेच कळत नाहीये."

"राहू दे गं, एवढं काही नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

भाऊबीजेला माळीबुवांनी ती सगळी माती उचलून बागेच्या वाफ्यांत टाकली. मी स्वयंपाकघरातला झारा घेऊन वाफ्यात उकिडवा बसलो आणि माती चाळायला लागलो. तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ फिरून येत होते.

"सोनं पडलंय का?"

"नाही. चोर शोधतोय."

"मग वॉचमनला सांगा," म्हणाले आणि पुढे गेले.

शेवंतीचा वाफा झाला, जास्वंदीचा झाला. खडे निघाले, बाटलीची झाकणं निघाली, एक फुसका लवंगी फटाका निघाला. गुडघे बोलायला लागले तेव्हा उठलो. वर येऊन झारा मुकाट्याने ओट्यावर ठेवला आणि खुर्चीत बसलो. बायकोने झाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडेल असं वाटलं होतं. तिने आधी पाणी आणून दिलं.

"भाऊजींचा चोर ना तो?" ती म्हणाली. "मग तुम्हाला सापडला असता तर त्यांनी तुम्हाला माफ केलं असतं का? राहू द्या त्याला. आणि हा झारा आता बागेतच ठेवा, चकलीला मला नवीन आणा."