दामलेकाकांचं लिंबू

दामलेकाकांना कुठलंही झाड दिसलं की आधी ते नखाने त्याची साल जराशी खरवडत. खाली हिरवं दिसलं की मान डोलवून म्हणत, "आहे जीव." श्रूजबरीतल्या त्यांच्या घरी पाहुणा बूट काढतो न काढतो तोच त्याची रवानगी काचेच्या खोलीतल्या लिंबाच्या कुंडीपाशी होई. त्यांच्या मुलीने, मुग्धाने, लहानपणी सरबताच्या लिंबातली बी त्यात पेरली होती. मुग्धा आता दूर, उबदार फ्रीमाँटला असते. तिथे लिंबं फुटपाथवर पडून सडतात. झाड मात्र इथे, काकांपाशी.

मी शेजारच्या वूस्टरला शिकायला आले आणि काकांच्या तावडीत सापडले. थंडीत मधमाश्या नसतात, म्हणून ते रंगाच्या ब्रशने एका फुलातले पराग दुसऱ्या फुलाला लावत. मी ब्रश हातात घेतला की ओरडा ठरलेला. "अगं केतकी, हळू! भिंत नाही रंगवायची!" मला राग यायचा. पण काकू गेल्यापासून ते घरात त्या झाडाशीच बोलत, हेही दिसत होतं. एकदा मुग्धाकडे जाताना झाडाला पाणी घालायला म्हणून त्यांनी मला घराची किल्ली दिली आणि आल्यावर परत मागितली नाही. नाताळात तर चक्क एक लिंबू दिलं. ते पिळायचा मला धीर होईना.

जानेवारीत बर्फाच्या वादळात वीज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुग्धाचा फोन आला. "केतकी, बाबा फोन पिकअप करत नाहीयेत. प्लीज, जाऊन चेक कर ना!"

निसरड्या रस्त्यावरून मी जीव मुठीत धरून गेले. बाहेरून हाका मारून पाहिल्या. किल्लीने दार उघडलं. काका काचेच्या खोलीत कुंडीला टेकून बसले होते. त्यांची शाल झाडाला गुंडाळलेली, खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबलेले आणि मध्ये बार्बेक्यूची शेगडी, कोळसे लालभडक. उभा जन्म केमिकल प्लांटमध्ये इतरांना विषारी वायूवरून दम देणाऱ्या या माणसाने, गावी आई पेटवायची तशी शेगडी बंद खोलीत पेटवली होती!

"दार लाव," ते जड जिभेने म्हणाले. "झाड गारठेल."

"काका, उठा! गॅस झालाय इथे!"

"आधी दार लाव."

मी बागेकडचं दारही सताड उघडलं आणि त्यांना काखेत धरून ओढत बाहेर काढलं. मग नाइन-वन-वनला फोन लावला. अँब्युलन्समध्ये त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला करून विचारलं, "लावलंस दार?"

"हो," मी म्हणाले. दार उघडंच होतं. बंबवाल्यांनी ते तसंच ठेवायला सांगितलं होतं.

काका वाचले. घरी आल्यावर त्यांनी साल खरवडली. तपकिरी. आणखी खाली, मग पार मातीपर्यंत खरवडली. तपकिरीच. "किल्ली ठेव तिथे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी ठेवली आणि गाडीत बसून रडले.

एप्रिलमध्ये न राहवून मी फ्रिजमधलं ते सुकत चाललेलं लिंबू घेऊन गेले. या वेळी बेल वाजवली. काकांनी लिंबू हातात फिरवून पाहिलं, चिरलं, बिया धुतल्या आणि त्यातली एक बी रिकाम्या कुंडीत पेरली. भिंतीवर गॅसचा नवा अलार्म लावलेला होता.

"फळ धरायला सात-आठ वर्षं लागतील," असं म्हणत त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "तोवर ही तुझ्याकडे राहू दे. आणि पुन्हा खोटं बोलू नकोस. मला स्ट्रेचरवरून दार दिसत होतं."