गौरीची काँक्रीटची होडी

गौरी गेल्याचं तिच्या आईने, काकूंनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला सिमेंटचे प्रकार शिकवत होते. "मृणाल, गौरी गेली गं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" सकाळी चहा घेता घेता डोकं दुखतंय म्हणाली, भिंतीला टेकून बसली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव. वय चौतीस. तेराव्याला तरसाली भागातल्या तिच्या घरी जमलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, किती शांत मुलगी होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही... तिथे मी गप्प बसले, म्हणून आता हे लिहितेय. गौरी शांत नव्हती. ती उलटून बोलायची. माझ्या ओळखीत तिच्याइतकं उलटून कोणी बोलत नसेल, आणि त्यातलं बहुतेक बरोबर असायचं. मेल्यावर तिला सोज्वळ करून टाकायचा अधिकार कुणालाही नाही.

आमची मैत्री झाली ती एका होडीमुळे. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षात आम्ही सहाजण होतो एका गटात, आणि प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा गौरीने काँक्रीटची होडी करायची असं जाहीर केलं. परदेशातल्या कॉलेजांत मुलं अशा होड्या करतात आणि शर्यती लावतात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. आपल्याकडेही तशी एक स्पर्धा पहिल्यांदाच होणार होती, डभोईच्या वाटेवरच्या एका तलावावर. नियम सोपे होते: होडी काँक्रीटची हवी, तिच्यात बसून वल्हवता आली पाहिजे, आणि पाण्याने काठोकाठ भरून खाली दाबली तरी आपली आपण वर आली पाहिजे. प्रयोगशाळेतले रमणभाई, ज्यांनी तीस वर्षं काँक्रीट फोडण्यात घालवली होती, ते हसून गुजरातीत म्हणाले, "गौरीबेन, आ तो डूबी जशे." गौरीने दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी आणि मुठीएवढा काँक्रीटचा गोळा त्यांच्या टेबलावर आणून ठेवला. गोळा पाण्यात टाकला. तो तरंगला. खडीऐवजी तिने नर्सरीवाले कुंडीच्या मातीत मिसळतात ते पांढरे हलके दाणे वापरले होते, पर्लाइट, आणि अर्ध्या सिमेंटच्या जागी विजेच्या कारखान्यातली राख. रमणभाईंनी तो गोळा बोटाने तीनदा खाली दाबला. तिन्ही वेळा तो वर आला. त्या दिवसापासून रमणभाई आमचे झाले.

पुढचे तीन महिने आम्ही त्या होडीपायी वाया गेलो असं आमच्या घरच्यांचं मत होतं. थर्मोकोलचे ठोकळे तापलेल्या तारेने कापून अठरा फुटांचा साचा केला, पालथ्या घातलेल्या होडीसारखा. त्यावर हाताने काँक्रीट थापायचं, मध्ये काचतंतूंची जाळी, वर पुन्हा काँक्रीट, आणि जाडी सगळी मिळून अर्धा इंच. कमी झाली तर फुटणार, जास्त झाली तर जड होणार. गौरी दर वीतभर अंतरावर टाचणी खुपसून खोली बघायची आणि कुणाचं काम चुकलं असेल तर तिथल्या तिथे उकरून टाकायची. माझं दोनदा उकरलं. दुसऱ्यांदा मी रडकुंडीला आले तेव्हा म्हणाली, "रड, पण थापताना रड. सुकतंय ते."

मग जे झालं त्यात माझाही हात होता, अक्षरशः. थापून सात दिवस झाले होते आणि कॉलेजात कोणी मोठे पाहुणे येणार होते. विभागप्रमुखांना होडी साच्यावरून काढून, सुलटी करून दाराशी ठेवलेली हवी होती. गौरी म्हणाली, "सर, पक्की व्हायला अठ्ठावीस दिवस. त्याआधी ती उचलायची नाही." सर म्हणाले, "मला काँक्रीट शिकवू नकोस." ती दारात आडवी उभी राहिली. सरांनी आमच्याकडे पाहिलं. आणि आम्ही पाचजण तिच्या हाताखालून वाकून आत गेलो आणि होडी उचलली... आवाज मोठा आला नाही. पापड मोडावा तेवढाच. बरोबर मध्यावर आरपार तडा गेला. पाहुण्यांना दुसरंच काहीतरी दाखवलं गेलं, आणि संध्याकाळी सरांनी सांगितलं की हा पोरखेळ बंद, विभागाची जागा मिळणार नाही, कॉलेजचं नावही लावायचं नाही.

गौरी आम्हाला काही बोलली नाही. ती उलटून बोलली नाही असा तो एकच दिवस मला आठवतो, आणि तो सगळ्यात वाईट होता. दुसऱ्या दिवशी मात्र फोन आला. "साचा शाबूत आहे. टेम्पो घेऊन या. तरसालीला, आमच्या अंगणात करू." तिचे वडील रिफायनरीत फिटर होते. त्यांनी आपली स्कूटर शेजाऱ्यांकडे लावली आणि अंगणात पत्र्याचं छप्पर उभं केलं. काकू खंडेराव मार्केटात जाऊन कांदेवाल्यांकडून रिकामी गोणपाटं घेऊन आल्या. थापलेली होडी त्या गोणपाटांनी झाकायची आणि ती गोणपाटं ओली ठेवायची. आम्ही कॉलेजात असू तेव्हा काकू पाणी मारत. एकदा मी लवकर पोचले तर त्या गोणपाटावर हात ठेवून उभ्या होत्या, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. मला म्हणाल्या, "अगं, ही आतून गरम होते की काय?" होते, मी म्हटलं. सिमेंट पाणी पितं तेव्हा गरम होतं. त्यांना ते फार आवडलं.

या वेळी अठ्ठावीस दिवस कुणीही होडीला हात लावला नाही. स्पर्धेचा अर्ज आधीच गेला होता आणि तो रद्द करायचं सरांच्या लक्षात राहिलं नव्हतं. घरातल्या सगळ्या गाद्या टेम्पोत घालून, त्यांवर होडी ठेवून आम्ही निघालो. तलावावर नऊ कॉलेजं होती. पंचांनी एकेक होडी पाण्याने भरून चार माणसांकरवी खाली दाबायला सुरुवात केली. दोन गेल्या त्या गेल्याच. आमची पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले. गौरी कमरेइतक्या पाण्यात उभी होती, तिने मिटले नसणार. मी उघडले तेव्हा पाण्यावर काही नव्हतं... मग राखाडी रंगाची एक कड दिसली, मग दुसरी, आणि दोन्ही बाजूंनी पाणी ओघळत अख्खी होडी वर आली. रमणभाई रजा टाकून आले होते. ते काठावर ओरडत होते, आणि काय ओरडत होते ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

शर्यतीत आम्ही सहावे आलो. वल्हवायला आम्हाला येतच नव्हतं. सराव करणार कुठे, शहरातल्या विश्वामित्री नदीत मगरी. पण पूर्ण तलाव ओलांडून परत आलो. बक्षीस समारंभाला आमचे सर हजर होते. ते पुढे आले आणि फोटोसाठी होडीच्या टोकाशी उभे राहिले. कॉलेजचं नाव दिसेल असा फोटो घ्या, म्हणाले. गौरी ओल्या कपड्यांनिशी त्यांच्यासमोर गेली. "सर, नाव वाचा ना." होडीच्या दोन्ही बाजूंना तिने निळ्या रंगात एकच शब्द लिहिला होता: तरसाली.

पदवीनंतर आम्ही दोघी बांधकामांची तपासणी करणाऱ्या एकाच कंपनीत लागलो. तिथे तिसऱ्या वर्षी एका सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं काँक्रीट कच्चं निघालं आणि साहेबांनी गौरीला अहवाल 'नीट' करून आणायला सांगितलं. तिने तोच अहवाल, तीच आकडेवारी, फक्त स्वच्छ कागदावर पुन्हा छापून त्यांच्यापुढे ठेवला. त्याच दुपारी तिला काढलं. मी शेजारच्या टेबलावर होते. ती सामान भरत असताना मी संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले, त्यावर काहीही उघडलेलं नव्हतं. तीन महिने ती माझ्याशी बोलली नाही. मग अचानक: "मी घरी टेस्टिंग लॅब काढतेय. शनिवारी येशील? सही करायला दुसरं माणूस लागतं." तू माझ्यावर विश्वास कसा ठेवतेस, असं मी विचारलं. "ठेवत नाहीये," ती म्हणाली. "तुला कामाला लावतेय." ज्या अंगणात होडी झाली तिथेच तिने खोली बांधली. पुढे मी कंपनी सोडून कॉलेजात शिकवायला लागले, पण सात वर्षं माझे शनिवार तिथेच गेले.

काँक्रीट ओततानाच त्याचे चौकोनी ठोकळे भरून ठेवतात. त्यांना आम्ही क्यूब म्हणतो. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्रात दाबून फोडायचे. किती जोराला फुटतात त्यावर इमारतीचा भरवसा. गौरी गेली तेव्हा तिने स्वतः जाऊन भरलेले क्यूब टाकीत होते, एका शाळेच्या खांबांचे. त्यांचा अठ्ठाविसावा दिवस ती गेल्यानंतर सोळाव्या दिवशी आला. मी गेले. क्यूब पुसले, यंत्रात ठेवले. पहिला फार लवकर फुटला. दुसराही. तिसऱ्याला मी उगाच थोडी आशा धरली.

ठेकेदार दारातच उभा होता. माणूस वाईट नसावा. हात जोडून म्हणाला, "बेन, गौरीबेन तो गयां. हवे कोण जोवानुं, आता बघणार कोण? नवे क्यूब भरून आणतो, तारीख तीच टाका." माझ्या तोंडात शब्द येत होते, ते कोणते होते ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. तेवढ्यात आतल्या दारातून काकू आल्या. हात कणकेने भरलेले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्याच भाषेत सांगितलं, "भाई, ए मारी दीकरीए भर्या छे. जे आव्युं ए ज लखाशे." मग माझ्याकडे वळून मराठीत, "जे आलं तेच. लिही गं."

मी लिहिलं. तिन्ही आकडे जसे आले तसे, आणि खाली सही केली. शाळेचं काम थांबलंय, ठेकेदाराने आणखी दोघांना माझ्याबद्दल काय काय सांगितलंय तेही माझ्या कानावर आलंय. सांगू दे.

टाकीत अजून नऊ क्यूब आहेत. प्रत्येकावर लाल मेणखडूने तिच्या अक्षरात तारीख घातलेली आहे, पाण्यातही ती पुसट झालेली नाही. काकू रोज सकाळी टाकीतलं पाणी कमी झालंय का ते बघतात आणि झालं असेल तर भरतात. पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे. मी रजा टाकली आहे.