वर सभा, खाली सही

पुण्याहून रत्नागिरीला निघालेल्या एसटीत दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या सीटवर एक गृहस्थ झोपले होते. मी दोन्ही कुबड्या आणि कॅलिपर (पायाला बांधायचा लोखंडी सांगाडा) यांचा जमेल तेवढा आवाज केला. त्यांनी डोळे उघडले, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "सातारा आलं का?" नाही म्हटल्यावर पुन्हा मिटले. आम्ही अजून स्वारगेटलाच होतो.

मी गेली वीस वर्षं दिव्यांगांच्या हक्कांसाठी सरकारदरबारी निवेदनं लिहितो. त्यातली काही फार चांगली आहेत. ती अजून कुणी वाचलेली नाहीत. या खेपेचं काम मात्र सुखाचं होतं. ग्रामसभांमध्ये दिव्यांगांचा सहभाग कसा वाढेल, यावर राज्याच्या धोरणासाठी शिफारशी करायच्या होत्या आणि त्यात दाखवायला एक आदर्श गाव हवं होतं. ते आमच्या संस्थेला रत्नागिरीच्या अलीकडे, पालीजवळ सापडलं. तिथल्या प्रमिलाताईंना लहानपणी पोलिओ झालेला, तरी एकाही ग्रामसभेला त्या गैरहजर नाहीत. हजेरी वहीत दर सभेला त्यांची सही. त्या वहीची झेरॉक्स पाहून ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

रत्नागिरीच्या लॉजवाल्याने खोली तळमजल्यावर आहे असं फोनवर सांगितलं होतं. ती तळमजल्यावरच होती. तळमजल्याला जायला सात पायऱ्या होत्या. दुपार मोकळी होती म्हणून रिक्षा करून आरे-वारेच्या जुळ्या समुद्रकिनाऱ्यांकडे गेलो. वरच्या रस्त्यावर रिक्षा थांबवून ड्रायव्हर म्हणाला, "खाली उतरनार काय?"

"वाळूत कुबड्या रुततात."

"मग हवा तरी खावा," असं म्हणून त्याने इंजिन बंद केलं आणि स्वतःही हवा खात उभा राहिला. वरून दोन्ही किनारे एकदम दिसतात, खाली गेलेल्यांना एकच दिसतो, असं मी मनाला समजावलं. मन काही फारसं ऐकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने पालीला उतरलो आणि तिथून रिक्षाने आत. थंडीचे दिवस, आंब्याला मोहोर आलेला. सड्यावर (जांभ्या दगडाचं उघडं पठार) गवत वाळून पिवळं पडलं होतं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तिथल्या माणसांनी माझं फार अगत्याने केलं.

प्रमिलाताईंचा शिवणकामाचा गाळा रस्त्याला लागूनच आहे. दारात त्यांची हाताने चालवायची तीनचाकी सायकल उभी होती. पन्नाशीच्या बाई, मशीनवर बसल्या बसल्याच त्यांनी मला घावणे (तांदळाच्या पिठाची पातळ, जाळीदार धिरडी) आणि चटणी वाढली. मी विषयाला हात घातला.

"तुम्ही एकही ग्रामसभा चुकवत नाही म्हणे."

"मी?" सुईत दोरा ओवता ओवता त्या म्हणाल्या. "मी वर कशी जायन? अठरा पायऱ्या हायत."

"मग सही?"

"वही खाली येते ना. शिपाईदादा घेऊन येतात. प्रमिलाला कशाला तरास, म्हणून. लय चांगली मान्सं हायत ओ."

ग्रामपंचायतीची इमारत समोरच होती. खाली रेशनचं गोदाम, वर सभागृह. सभा वर भरते, वही खाली येते, प्रमिलाताई सही करतात आणि वही वर जाते. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि गावाला त्याचा अभिमान होता.

अशाच एका सहीने मागच्या सभेत पाखाडीचा ठराव 'सर्वानुमते' ठरला होता. पाखाडी म्हणजे वाडीतून जाणारी दगडी पायऱ्यांची वाट. आज पुन्हा सभा होती आणि तीत त्याला शेवटची मंजुरी मिळायची होती. प्रमिलाताईंच्या घरापासून रस्त्यापर्यंत आता मातीचा उतार आहे आणि त्यावरून त्यांची सायकल येते-जाते. तिथे पायऱ्या झाल्या की सायकल घरात राहणार. अर्थात त्याही.

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुनाला सांगू? वही आननारा घाईत असतो."

मला राग आला. तो कुणावर काढावा ते कळेना, तेव्हा घावणे संपवले. मग त्यांनीच विचारलं, "आज सही न्हाय केली तर चालंल काय?"

"चालेल," मी म्हणालो. वीस वर्षांत इतका छोटा सल्ला मी कुणाला दिला नव्हता.

मी पाहुणा असल्यामुळे मला वर जाणं भाग होतं. अठरा पायऱ्या चढून पोचलो तेव्हा माझा सत्कार ठेवलेला होता. दोन कुबड्या धरलेल्या माणसाच्या हातात नारळ कसा द्यावा, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी तो शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

वही खाली गेली आणि तशीच परत आली. शिपाई म्हणाला, "प्रमिलाताय सही करत न्हायत."

ग्रामसेवक खाली गेले. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून सरपंच गेले. मग वाडीतल्या बायका, "बघून येतंव" म्हणत. मग त्या बायका काय बघतायत ते बघायला बाकीचे. वर मी आणि नारळ उरलो.

मी उतरून पोचेपर्यंत गाळ्यासमोर सगळा गाव गोळा झाला होता. कुणीतरी खुर्च्याही आणल्या होत्या. सरपंच मुंबईत नोकरी करून परत आलेले, भला माणूस. ते काकुळतीला येऊन विचारत होते, "प्रमिला, आमचं काय चुकलं काय?"

"न्हाय ओ भाऊ. समदी खाली आलाव ना? मग हितंच सभा करा."

ग्रामसेवकांनी नोटिशीत वरचं सभागृह लिहिलं असल्याचं सांगितलं. त्यावर गुडघे धरून बसलेले एक आजोबा म्हणाले, "मी आता परत चढत न्हाय." आणखी चार-पाच म्हातारे त्यांच्याजवळ सरकून बसले. सरपंचांनी ग्रामसेवकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "दुरुस्ती करा."

प्रमिलाताईंचं पहिलं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा त्या मोठ्याने बोलल्या. "माज्या दारात पायऱ्या नकोत. सायकल जानार न्हाय. मी घरातच राहीन."

मग सरपंच म्हणाले, "मागच्या वेळी बोलली का न्हायस?"

"तुमी वही पाठवलाव. मी सही पाठवली."

सरपंचांनी मान खाली घातली. मला एकदम भरून आलं आणि त्या गर्दीत डोळे पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

पुढे तास-दीड तास भांडण झालं. पावसात उताराला शेवाळ धरतं, म्हातारी माणसं घसरतात, हे बायकांचं म्हणणं खोटं नव्हतं. अखेर एका बाजूला पायऱ्या, दुसऱ्या बाजूला खरखरीत उतार आणि मध्ये लोखंडी कठडा असं ठरलं. प्रमिलाताईंनी ठराव आधी वाचून घेतला आणि मग सही केली.

पुण्याला परतीच्या गाडीत राखीव सीट रिकामी मिळाली. आदर्श गावाचं प्रकरण कसं लिहावं याचा विचार करण्यात आंबा घाट कधी संपला ते कळलं नाही. घरी आलो, दोन दिवस बसून शिफारस लिहिली: सभा अशाच जागी घ्यावी, जिथे गावातलं प्रत्येक माणूस स्वतः पोचेल. वाक्य मला आवडलं.

रविवारी सकाळी बेल वाजली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वही घेऊन उभे होते. मीटिंग गच्चीवर असते आणि गच्चीपर्यंत लिफ्ट जात नाही.

"काका, तुम्हाला कशाला त्रास? इथेच सही करून टाका."

दहा वर्षं मी हेच करत आलो आहे, वर त्यांना चहाही विचारतो. सवयीने पेन हातात घेतलं आणि कान तापले. इतकी लाज मला बऱ्याच दिवसांत वाटली नव्हती. पेन वहीवर ठेवलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा," मी म्हणालो. "बाकीचेही येतील खाली."